सायकोसिस, डी जीवनसत्त्व आणि वाढणारं पोट : आधी कशाकडे बघायचं?

जुवारीकाठ

नमस्कार मंडळी. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, स्किझोअफेक्टिव्ह किंवा तत्सम सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) आजार आहे अशांसाठी हा धागा काढते आहे. माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे. आम्ही फोंडा तालुक्यातले. त्याच्या रक्ततपासणीत डी जीवनसत्त्व ९, म्हणजे फारच कमी, आलं आणि घरात एकदम आशा पसरली. मामा म्हणाले, "बघ, सापडलं कारण! डी भरून काढलं की पोर पूर्वीसारखं होईल." आईने तर देवाला नारळ ठेवला. ती आशा मला मोडवेना, म्हणून आधी वाचलं, दोन डॉक्टरांशी बोलले, आणि मग लिहायला बसले.

सायकोसिसच्या रुग्णांमध्ये डी कमी असणं जगभर आढळतं. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेल्या निष्कर्षात स्किझोफ्रेनियाच्या जवळपास ६५ टक्के रुग्णांत कमतरता दिसली. डी कमी असलेल्यांचं पोट मोठं, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) जास्त, असंही दिसतं. इथपर्यंत वाचलं की वाटतं, चला, गोळी घेतली की दोन्ही प्रश्न सुटले.

पण प्रत्यक्ष देऊन बघितलं तेव्हा काय झालं? इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या १४९ जणांवर प्रयोग झाला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना महिन्याला १,२०,००० युनिट डी, निम्म्यांना बिनऔषधाचा डोस, असं ६ महिने. लक्षणांत फरक पडला नाही. वजन, कंबर, साखर यांतही नाही. त्या आधी क्लोझापिन हे सायकोसिसचं औषध घेणाऱ्या रुग्णांवरही आठवडी डोसाचा एक छोटा प्रयोग झाला होता. त्यातही सायकोसिसची लक्षणं आणि चयापचय जागच्या जागी राहिले.

मग डी कमी का असतं? मला पटलेलं उत्तर असं : जो माणूस आजारामुळे घराबाहेर पडत नाही, गोळ्यांच्या गुंगीमुळे उशिरा उठतो, नीट जेवत नाही, ज्याचं वजन वाढलेलं असतं, त्याचं डी कमी होणारच. शिवाय डी चरबीत विरघळतं, त्यामुळे अंगात चरबी जितकी जास्त तितकं रक्तात ते कमी दिसतं. म्हणजे बऱ्याच घरांत कमी डी हा वाढलेल्या पोटाचा परिणाम असतो, आणि आपण त्यालाच कारण समजून बसतो.

माझं म्हणणं एवढंच : डी कमी असेल तर जरूर भरून काढा, हाडांसाठी भरून काढा. पण त्या कॅप्सूलच्या भरवशावर पोट, साखर, चरबी आणि रक्तदाब मोजायचे राहू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की या आजाराच्या लोकांचं आयुष्य इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी असतं. त्यातला मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह, संसर्ग अशा शारीरिक आजारांचा आहे. आणि आपण राहतो कुठे? २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. म्हणजे आपल्या माणसाला गोव्याचा धोका आहेच, त्यावर आजाराचा आणि वजन वाढवणाऱ्या औषधाचा.

तुमचे अनुभव लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर माझं चुकत असेल तिथे अडवा.

उकडे_तांदूळ

चांगला विषय. पण एक मूलभूत प्रश्न. आपल्याकडे पावसाळा सोडला तर ऊनच ऊन. आमच्या शेजारची आजी हसते, म्हणते, "इतलें वोत (ऊन) आसा, आनी डी उणें कशें?" मला तरी या तपासण्या म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा वाटतो. रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसवा, बस.

जुवारीकाठ

@उकडे_तांदूळ, कोवळ्या उन्हाबद्दल मीही लहानपणापासून तेच ऐकत आले. पण कातडीत डी तयार करणारे अतिनील ब किरण सकाळी सातला फारच थोडे पोचतात. सूर्य वर यावा लागतो. सोपी खूण : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. आपल्याकडे साधारण दहा-अकरा ते दोन-तीनपर्यंत. खिडकीच्या बंद काचेमागे बसून काही होत नाही, काच ते किरण अडवते. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि जून ते सप्टेंबर इथे आभाळ कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

त्यातही आपला माणूस उन्हात जातो का, हा खरा प्रश्न. भावाची खोली घराच्या मागच्या बाजूला, तो उठतो तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात.

डॉ_गिरोली

मी फिजिशियन आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण असे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात, बहुधा साखर ३०० झाल्यावर. त्याचंच वाईट वाटतं.

उन्हाबद्दल आधी एक सूचना, कारण कुणीतरी वाचून उद्या रुग्णाला दुपारी अंगणात बसवेल. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांची कातडी उन्हाने लवकर भाजते. शिवाय सायकोसिसच्या कित्येक औषधांमुळे, आणि त्यांच्यासोबत थरथर कमी करायला देतात त्या ट्रायहेक्सीफेनिडिलमुळे, घाम येणं आणि शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचं ऊन अशांना उष्माघातापर्यंत नेऊ शकतं. थोडा वेळ, हातपाय उघडे, डोक्यावर टोपी, जवळ पाणी. तेवढं पुरे.

आता धाग्याच्या मुख्य मुद्द्याबद्दल. जुवारीकाठ यांच्याशी सहमत. पाच गोष्टी बघा : कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बायकांत ८० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. यांतल्या तीन जमल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत साधारण तिघांत एकाला तो असतो. कंबरेचे आकडे आशियाई लोकांसाठीचे आहेत, युरोपातले मोठे आकडे बघून निर्धास्त होऊ नका.

कंबर मोजायची ती पॅंटच्या पट्ट्यावर नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. शिंप्याची टेप चालते.

पेडण्याची_आई

ताई, फार वेळेवर धागा काढलात. माझ्या मुलीला ओलान्झापिन चालू आहे. आवाज ऐकू यायचे बंद झाले, पुन्हा कॉलेजात जाऊ लागली. पण वजन इतकं वाढलं की जुने कपडे एकही होत नाहीत. रात्री दोनला उठून भात खाते. अडवलं की रडते. नातेवाईक तोंडावर बोलतात. तिने परवा विचारलं, "आई, मी गोळी अर्धी करू?" मला काय उत्तर द्यावं कळेना. डी तपासून बघू का? त्याने भूक कमी होईल?

डॉ_गिरोली

@पेडण्याची_आई, आधी गोळीचं. कृपा करून स्वतःहून अर्धी करू नका, बंद तर मुळीच नको. आजार उलटला तर कॉलेज, झोप, जेवण सगळंच परत विस्कटतं. आणि औषध सोडून आयुष्य वाढतं असंही नाही. फिनलंडमध्ये ६६,००० हून अधिक स्किझोफ्रेनिया रुग्णांच्या ११ वर्षांच्या नोंदी तपासल्या, २००९ मध्ये निष्कर्ष आले. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा कमी होतं. सर्वांत कमी कुणाचं? क्लोझापिन घेणाऱ्यांचं, जे वजन वाढवण्यात ओलान्झापिनच्याच पंगतीत बसतं.

भुकेचं कारण मुलीची जीभ नाही, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा. ही औषधं मेंदूतली हिस्टामिनची आणि सेरोटोनिनची काही दारं बंद करतात आणि "पोट भरलं" हा निरोप पोचत नाही. वजन सर्वांत झपाट्याने सुरुवातीच्या काही महिन्यांत वाढतं. डी घेऊन ही भूक कमी होणार नाही.

पण उपाय आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट विचारा : वजन कमी वाढवणारं दुसरं औषध, उदाहरणार्थ अ‍ॅरिपिप्राझोल किंवा लुरासिडोन, हिला चालेल का? ओलान्झापिनवरच छान स्थिर असेल तर मेटफॉर्मिन जोडता येईल का? मधुमेहाची ती जुनी गोळी अशा रुग्णांत वजन सरासरी तीनेक किलोने खाली आणते आणि लवकर सुरू केली तर वाढ रोखायला मदत करते. २००८ मध्ये चीनमधल्या प्रयोगात मेटफॉर्मिन आणि चालणं-खाणं यांचा मेळ एकेकट्या उपायापेक्षा सरस ठरला. मूत्रपिंडाची तपासणी आधी हवी, आणि दीर्घकाळ घेतल्यास ब१२ बघत राहावं लागतं.

निळी_टेकडी

मला स्वतःला स्किझोफ्रेनिया आहे. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पेडण्याच्या मावशींचं वाचून लिहावंसं वाटलं.

ती भूक बाहेरून कळत नाही. जेवून हात धुतले तरी पोटात खड्डा असतो. पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की मी सायकलीमागे धावायचो, चार पोळ्या तिथेच उभ्याने. घरचे म्हणायचे, आळशी झालाय, नुसता खातो आणि झोपतो. मी आळशी नव्हतो. गोळी रात्री दहाला घ्यायचो आणि सकाळी डोकं शिशासारखं जड असायचं.

मावशी, मुलीला रडवू नका. घरात काय ठेवता ते बदला, ते तिच्या हातात नाही, तुमच्या आहे. आमच्याकडे आईने कुलूप न लावता एवढंच केलं की रात्रीचा उरलेला भात झाकून ठेवणं बंद केलं आणि त्याऐवजी काकडी, उकडलेले चणे, ताक ठेवलं. सगळ्यांनीच संध्याकाळी सोडा पिणं सोडलं, एकट्या माझ्यावरच बंदी घातली असं नाही. हा फरक फार मोठा आहे. आणि डॉक्टरांनी गोळीची वेळ अलीकडे आणली, त्यामुळे सकाळी लवकर उठता येऊ लागलं.

आता वडिलांबरोबर तळ्यापर्यंत चालतो. बोलत नाही आम्ही फारसं, पण जातो.

माझंही डी कमी होतं. कॅप्सूल घेतल्या, पाय दुखायचे ते थांबले. आवाजांवर काही परिणाम नाही, ते क्लोझापिननेच कमी झाले.

पेडण्याची_आई

@निळी_टेकडी, बाळा, तुझे फार उपकार. तुझा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे मी एकटीच अशी नाही."

साखळीचा_फार्मासिस्ट

काउंटरवर जे रोज बघतो ते सांगतो. ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा सॅशे डॉक्टर साधारण आठवड्याला एक, ८ आठवडे असं लिहून देतात, पुढे महिन्याला एक किंवा रोजचा लहान डोस. लोक काय करतात? तीच जुनी चिठ्ठी घेऊन वर्षभर दर आठवड्याला नेतात. काही जण गैरसमजाने रोज घेतात. वर कुणीतरी ६ लाखांचं इंजेक्शन टोचून देतो.

निरोगी प्रौढाची रोजची गरज आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६०० युनिट आहे, हे ध्यानात ठेवा. डी चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं : तहान, बद्धकोष्ठ, उलट्या, सुस्ती, गोंधळ. सायकोसिसच्या रुग्णात हा गोंधळ कुणालाही आजारच उलटल्यासारखा वाटेल आणि उलट औषधाचा डोस वाढवला जाईल. क्लोझापिनने बद्धकोष्ठ आधीच असतं, त्यामुळे ती खूणही नजरेआड होते. लिथियम (मूड स्थिर ठेवायचं औषध) घेणाऱ्यांनी जास्त जपावं, त्यानेही कॅल्शियम वाढू शकतं.

आकडेमोड

धागाकर्तीने प्रयोगांचा निकाल जरा घाईने लावला असं मला वाटतं. ६ महिने आणि १४९ माणसं, यावरून डीचा उपयोग नाहीच असं ठरत नाही. मधुमेहाच्या बाबतीत तर चित्र वेगळं आहे. २०१९ च्या मोठ्या अमेरिकन प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट दिले. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही हे खरं. पण २०२३ मध्ये अशा तीन प्रयोगांतल्या सगळ्या माणसांची माहिती एकत्र केली तेव्हा मधुमेह होण्याची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी कमी निघाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने उंबरठ्यावरच्या लोकांना डी द्यावं असं सुचवलंही. आपले रुग्ण बरेचदा त्याच उंबरठ्यावर असतात. मग त्यांना का वंचित ठेवायचं?

दुसरं, डेन्मार्कमध्ये नवजात बाळांच्या रक्ताच्या नमुन्यांत डी फार कमी असलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनियाचा धोका जास्त आढळला. म्हणजे काहीतरी नातं आहेच.

जुवारीकाठ

@आकडेमोड, तुमचा पहिला मुद्दा रास्त आहे. भावाची साखर उपाशीपोटी ११० आली, म्हणजे तो त्याच उंबरठ्यावर आहे आणि डी त्याला आम्ही देतोच आहोत. पण ते १५ टक्के सायकोसिसची औषधं घेणाऱ्यांवरच्या प्रयोगांतून आलेले नाहीत. ओलान्झापिन इन्सुलिनच्या कामात थेट आडवं येतं, वजन न वाढताही. तिथे डी किती पुरेल हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. त्याच उंबरठ्यावरच्या माणसाला चालणं-खाणं सुधारून होणारा फायदा याच्या कितीतरी पट आहे. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात तो ५८ टक्के होता, मेटफॉर्मिनचा ३१.

माझी तळमळ पैशाची आणि लक्षाची आहे. ज्या घरात महिन्याच्या औषधालाच ओढाताण, तिथे डीची महागडी तपासणी दर तीन महिन्यांनी होते, आणि कंबर कुणी मोजत नाही. एका दवाखान्यात आम्ही कितीतरी वेळा गेलो, भावाला वजनकाट्यावर एकदाही उभं केलं नाही. डीची गोळी मात्र प्रत्येक चिठ्ठीवर होती.

डेन्मार्कचं म्हणाल तर तो गर्भातल्या डीचा प्रश्न, गरोदर बायकांसाठी महत्त्वाचा. तीस वर्षांच्या माणसाला आज डी देऊन त्याचा जन्मावेळचा मेंदू बदलत नाही.

काणकोणची_परिचारिका

हाडांवर कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल यांनी प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं संप्रेरक) वाढतं. बाईची पाळी चुकते, छातीतून दूध येतं, पुरुषांची इच्छा मंदावते. लाजेने कुणी सांगत नाही. हे वर्षानुवर्षं चाललं की हाडं ठिसूळ होतात. फिटसाठी किंवा मूडसाठी कार्बामाझेपिन चालू असेल तर ते डी आणखी खालावतं. त्यात हालचाल नाही, विडी-सिगरेट आहे. अशांना डीची खरी गरज असते. पाळी चुकत असेल तर लाजू नका, नर्सला तरी सांगा.

आणि सिगरेट सोडायची असेल तर आधी डॉक्टरांना कळवा. क्लोझापिन, ओलान्झापिन घेणाऱ्याने सिगरेट एकदम सोडली तर रक्तात औषध वाढतं, डोस कमी करावा लागू शकतो. सोडू नका असं म्हणत नाही, सोडाच. पण सांगून सोडा.

उकडे_तांदूळ

कोवळ्या उन्हाचं नव्यानेच कळलं, धन्यवाद. आता खाण्यावर लिहा ना कुणी. आम्ही नुस्तेंखाऊ माणसं. माशात डी असतं ना?

काणकोणची_परिचारिका

असतं, तारले आणि बांगड्यासारख्या तेलकट माशांत चांगलं. स्वस्तही. पण सगळी कमतरता माशाने भरून येईल असं नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी, त्या दिवसांत पुरुमेंताचं (पावसाळ्यासाठी साठवलेलं) खारं नुस्तें आणि लोणची निघतात, आणि ज्याचा रक्तदाब वर आहे त्याच्या ताटात मीठ दुप्पट होतं. पावसात खारं कमी, डाळ, अंडं, कुळीथ जास्त.

बांगडे रवा लावून तळण्यापेक्षा हुमण (माशाची कढी) करा. आणि कढीबरोबर शिताचा डोंगर असतो तो निम्मा करून भाजी वाढवा. उकडा तांदूळ आहे म्हणून कितीही खाल्ला तरी चालतो, हा आपल्याकडचा समज साखर वाढवतो.

पेडण्याची_आई

पुढच्या आठवड्यात मुलीची तपासणी आहे. काय काय मागू ते एकदा सांगाल का? बांबोळीला आयपीएचबीत (मानसोपचार रुग्णालयात) जायचं आहे, तिथून रक्ताला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवतात की काय माहीत नाही.

डॉ_गिरोली

वजन, कंबर, रक्तदाब. उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी). लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी). नवं औषध सुरू झालं असेल तर वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, मग दर तीन महिन्यांनी. साखर आणि रक्तदाब १२ आठवड्यांनी, मग किमान वर्षातून एकदा. गोव्यातलं प्रमाण बघता मी सहा महिन्यांनी करून घेतो. डी एकदा बघा, कमी असेल तर भरा, नंतर उगाच वारंवार नको. पाळीबद्दल स्वतःहून सांगा. रक्त कुठे द्यायचं ते तिथेच विचारा, म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांतही या साध्या तपासण्या होतात.

मधल्या काळात घरात ताण वाढला, मुलीने गोळी नाकारली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

पेडण्याची_आई

लिहून घेतलं. एकच राहिलं, उपाशीपोटी जायचं तर सकाळची गोळी आणि पाणी?

डॉ_गिरोली

पाणी भरपूर प्यायला द्या. गोळी बरोबर न्या, रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर द्या. क्लोझापिनची किंवा लिथियमची रक्तातली पातळी मोजायची असेल तरही सकाळचा डोस रक्त दिल्यानंतरच. नाश्त्याला पोळी एक, भाजी वाटीभर, चहा बिनसाखरेचा.

निळी_टेकडी

मावशी, डब्यात उकडलेली अंडी न्या. रांगेत वेळ जातो आणि बाहेर गाड्यावर फक्त सामोसे आणि भजी असतात.